मॉर्गनसाहेबांचा गालिचा

न्यू यॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर, छत्तिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला जे. पिअरपॉन्ट मॉर्गन या बड्या सावकाराचा वाडा होता. १८८२ साली या वाड्यात विजेचे दिवे आले. घरोघरी वीज पुरवणारी व्यवस्था शहरात तेव्हा सुरूच व्हायची होती. त्यामुळे वाड्याच्या मागे तबेल्याखाली तळघर खणून तिथे बॉयलर, वाफेचे इंजिन आणि डायनामो बसवला गेला. रोज दुपारी तीन वाजता एक इंजिनियर यायचा, वाफ धरायचा आणि रात्री अकराला इंजिन बंद करून घरी जायचा. अकरानंतर पत्त्यांचा डाव रंगात आलेला असो की पाहुणे उठायचे असोत, वाडा अंधारात. शेजारच्या बाईंची तक्रार होती की या धडधडीने त्यांचे घर हादरते आणि धूर आत येतो. मॉर्गनसाहेब मात्र खुशीत होते. त्यांनी आपल्या ग्रंथालयातल्या लिहिण्याच्या टेबलावरही एक दिवा मागवला. त्याची तार गालिच्याखालून नेली होती. एके संध्याकाळी मंडळी बाहेर गेलेली असताना नेमकी तिथेच आग लागली. टेबल जळाले, गालिचा जळाला, खोलीभर पाणी आणि ओल्या राखेचा वास.

हे काम ज्याच्या देखरेखीखाली झाले होते तो एडवर्ड जॉन्सन दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यावर गेला तो आता सगळे गुंडाळावे लागणार अशा धास्तीनेच. मॉर्गनसाहेबांनी फक्त एवढेच विचारले की आता पुढे काय करणार. तारा पुन्हा नीट घालून देण्याचे ठरले आणि वीज वाड्यात राहिली. हाच जॉन्सन त्याच वर्षीच्या नाताळात स्वतःच्या घरी ऐंशी छोटे रंगीत विजेचे दिवे लावलेले झाड उभे करणार होता. म्हणजे आपल्या गणपतीतल्या लुकलुकणाऱ्या माळांचा मूळपुरुष तोच म्हणायचा.

जॉन्सनचा मालक होता थॉमस आल्वा एडिसन. दिव्याचा शोध लावणारा म्हणून शाळेतल्या पोरालाही हे नाव ठाऊक असते. पण मॉर्गनसाहेबांचा गालिचा जळाला त्याच्या दोन वर्षे आधी, ४ मे १८८० रोजी, एडिसनला एक छोटेसे पेटंट मिळाले होते आणि त्यात गालिच्यांचा स्पष्ट उल्लेख होता. हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

ते पेटंट होते फ्यूजचे. प्रत्येक शाखेच्या तोंडाशी बारीक तारेचा एक तुकडा बसवायचा. कुठे दोन तारा एकमेकींना चिकटल्या आणि प्रवाह भलताच वाढला, की बाकीची तार तापायच्या आत हा तुकडा वितळून जाईल आणि वाट तुटेल. इथवर कल्पना सोपी आहे आणि ती सर्वस्वी एडिसनची होती असेही नाही. तारायंत्राच्या कचेऱ्यांना विजेच्या लोळापासून वाचवण्यासाठी मध्ये बारीक तार घालावी, असे ब्रेगे या फ्रेंच माणसाने १८४७ मध्येच सुचवले होते. एडिसनचा जन्मही त्याच सालचा! पण एडिसनने पुढचा विचार केला. वितळलेल्या धातूचे तापलेले थेंब खाली गालिच्यावर, खुर्च्या-कोचांवर पडतील त्याचे काय? म्हणून ती तार वीज न वाहणाऱ्या पदार्थाच्या टोपणात बंद करायची. आपल्या जुन्या घरांतल्या पांढऱ्या चिनीमातीच्या कटआऊटचे पूर्वज हे असे, कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या गालिच्याच्या काळजीतून जन्माला आले.

एडिसनला आगीची ओळख लहानपणापासून होती. ११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायो राज्यातल्या मिलान या गावी तो जन्मला. सहा वर्षांचा असताना आत काय होते ते पाहायला म्हणून त्याने वडिलांच्या कोठारात जाळ केला. कोठार गेले आणि वडिलांनी गावच्या चौकात सर्वांसमोर त्याला फोडून काढले. पुढे कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरनला आले. हा पोरगा डेट्रॉइटच्या गाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला आणि सामानाच्या डब्यातच त्याने बाटल्यांची प्रयोगशाळा थाटली. एक दिवस गाडीच्या धक्क्याने फॉस्फरसची कांडी खाली पडली आणि डब्याची फळी पेटली. गार्डने पोराला त्याच्या बाटल्यांसकट पुढच्या स्टेशनावर उतरवून दिले. नंतर तारमास्तरकी, गावोगावची भटकंती, पहिली पेटंटे, १८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क या खेड्यात उभारलेली प्रयोगशाळा, १८७७ चा फोनोग्राफ. ही सगळी कथा आपण अनेकदा वाचलेली आहे.

१८७९ च्या ऑक्टोबरात कोळशाचा धागा घातलेला दिवा टिकला आणि वर्षाच्या अखेरच्या रात्री मेन्लो पार्कची रोषणाई पाहायला गाड्या भरभरून माणसे आली. एडिसनच्या दृष्टीने खरे काम त्यानंतर सुरू झाले. नुसता दिवा कोण विकत घेणार? तो लावायला वीज हवी, वीज न्यायला तारा हव्यात, मोजायला मीटर हवा, बटणे हवीत, दिवा बसवायला होल्डर हवा. आजही बाजारात फिरकीच्या दिव्यावर ई-२७ असे लिहिलेले असते, त्यातला ई म्हणजे एडिसन. आणि या सगळ्याच्या वर हवा घरच्या बाईचा विश्वास, की ही न दिसणारी वस्तू रात्रीतून घर पेटवणार नाही.

त्या काळी घरांत गॅसचे दिवे असत. ते छत काळे करीत, खोली तापवीत, हवा कोंदट करीत, गळतीने माणसे गुदमरत आणि नाटकगृहे पेटत. १८८१ च्या डिसेंबरात व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला लागलेल्या आगीत शेकडो प्रेक्षक मेले. पण गॅसचे धोके ओळखीचे होते, घरातल्या तापट म्हाताऱ्यासारखे अंगवळणी पडलेले. विजेचे तसे नव्हते. एडिसनचे दिवे असलेल्या हॉटेलांच्या खोल्यांत पाटी लावावी लागे, की हा दिवा आगकाडीने पेटवण्याचा प्रयत्न करू नये आणि तो प्रकृतीला अपायकारक नाही. ज्यांनी वीज पाहिली होती त्यांनी ती रस्त्यांवरच्या आर्क दिव्यांत पाहिली होती. त्या तारा खांबांवरून जात आणि त्यांत हजारो व्होल्टचा दाब असे. एडिसनने घरासाठी सुमारे ११० व्होल्टचा दाब धरला आणि तारा खांबांवरून न्यायच्याच नाहीत असे ठरवले. गॅसच्या नळासारख्या त्या जमिनीखालून जातील.

बोलायला सोपे! मेन्लो पार्कच्या मातीत पुरलेल्या पहिल्या तारांतून वीज वाटेतच झिरपून गेली. सगळे पुन्हा उकरावे लागले. एका तरुण सहायकाला पुस्तके वाचायला बसवले गेले, मग महिनोन्महिने डांबर, राळ, मेण यांची नाना मिश्रणे उकळण्यात गेले. अखेर त्रिनिदादचे डांबर जवसाच्या तेलात उकळून त्यात पॅराफिन आणि थोडे मधमाश्यांचे मेण घातलेला लगदा जमला. न्यू यॉर्कमध्ये तांब्याच्या सळ्या लोखंडी नळीत बसवून, मधली पोकळी तशाच मिश्रणाने भरून त्या रस्त्याखाली घातल्या. हे खोदकाम बहुतेक रात्री चाले. महापालिकेने त्यावर पाच निरीक्षक नेमले आणि त्यांचे रोजचे पाच-पाच डॉलर एडिसनच्या माथी मारले. देखरेख आता फार कडक होणार म्हणून तो घाबरला होता. निरीक्षक उगवत ते फक्त शनिवारी दुपारी, पगार घ्यायला. हा किस्सा तो म्हातारपणीही रंगवून सांगत असे. आपल्याला त्यात परकेपणा वाटू नये.

४ सप्टेंबर १८८२ रोजी दुपारी तीन वाजता पर्ल स्ट्रीटच्या केंद्रातून वीज सोडली गेली आणि वॉल स्ट्रीटवर मॉर्गनच्या पेढीत उभ्या असलेल्या एडिसनसमोर दिवे लागले. त्या दिवशी सगळे मिळून चारशेच्या आसपास दिवे होते. त्याच १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातही, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईत, विजेचे दिवे लागले. पण ती कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसवर गेली.

पर्ल स्ट्रीटच्या पहिल्या दिवसांत एक विलक्षण गोष्ट घडली. नॅसाऊ आणि ॲन या रस्त्यांच्या नाक्यावर घोडे अचानक उधळू लागले. माणसांना काहीच जाणवेना. पायांना लोखंडी नाल असलेले जनावर ओल्या दगडांवरून गेले की नाचू लागे. जमिनीखालच्या जोडपेटीतून वीज गळत होती. एडिसनच्या माणसांनी ती दुरुस्त केली. पण दिवे व्यवस्थित चालू असताना आणि एकही फ्यूज उडालेला नसताना वीज एखाद्या जिवंत अंगातून जमिनीत जाऊ शकते, ही गोष्ट त्या नाक्यावर उघड झाली होती. एडिसनच्या सगळ्या व्यवस्थेत त्यावर इलाज नव्हता.

हे थोडे उलगडून पाहायला हवे, कारण आपल्या घरांतही गोंधळ होतो तो इथेच. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात, पण त्यावरचे वेष्टन त्याच्या कितीतरी आधी जळते आणि आगीला तेवढे पुरते. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणून पूर्वी फ्यूजमध्ये शिसे किंवा त्याचे मिश्रधातू वापरत. म्हणजे फ्यूज सांभाळतो तो तारेला आणि तारेमागच्या भिंतीला. आपल्या २३० व्होल्टच्या घरात एक हजार वॉटची इस्त्री साधारण साडेचार अँपिअर घेते. त्याच बोर्डावर एक हजाराची शेगडी लावली की पावणेनऊ झाले. पाच अँपिअरच्या फ्यूजने अशा वेळी जळून जावे हेच त्याचे काम. पण आपल्याकडे फ्यूज सारखा उडतो म्हणून स्टुलावर चढून त्यात जाड तांब्याची तार पिळून घालणारा कर्ता पुरुष घरोघरी होऊन गेला आणि घरात त्याचे कौतुकही झाले. आता वितळायची पाळी भिंतीतल्या तारेची, हे त्या कौतुकात कुणाच्या लक्षात येत नसे.

वितळण्याऐवजी खटकन वाट तोडणाऱ्या यंत्राची कल्पनाही एडिसनने १८७९ च्या एका पेटंट-अर्जात मांडली होती, पण धंद्यात त्याने फ्यूजच वापरला. घरगुती सर्किट ब्रेकर आला तो १९२४ मध्ये जर्मनीतल्या मॅनहाइमच्या ह्यूगो स्टॉट्झच्या कारखान्यातून. आपल्या एमसीबीत तीच दोन अंगे आहेत : जास्त भार बराच वेळ राहिला तर तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी आणि शॉर्ट सर्किट झाले तर तत्क्षणी ओढ घेणारे चुंबकाचे वेटोळे. त्यात जाड तार घालता येत नाही, हा त्याचा मोठाच गुण. तरी क्षमता वाढवून बसवणारे महाभाग आहेतच.

मात्र एमसीबीही तारेचाच राखणदार. हात ओला असताना गीझरच्या नळाला वीज उतरली, तर सुमारे ३० मिलिअँपिअर एवढा प्रवाहही हृदयाची लय बिघडवू शकतो. सहा अँपिअरच्या एमसीबीला तो दोनशेव्या हिश्श्याचा. त्याच्या गावीही नसतो. त्यासाठी वेगळे यंत्र लागते. जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांची सतत तुलना करायची आणि हिशोबात किंचित तूट आली की वाट तोडायची. या तत्त्वावर माणसाचा जीव वाचेल इतके संवेदनशील यंत्र कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी १९६१ मध्ये तयार केले. शॉक बसल्यावर किती प्रवाहापर्यंत माणूस हात सोडवू शकतो, याचा त्यांनी आधी वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. आपल्याकडे याच तत्त्वाच्या यंत्राला आरसीसीबी म्हणतात, बाजारात अजून जुन्या नावाने ईएलसीबी मागतात. त्यावर टी लिहिलेले एक बटण असते. ते अधूनमधून दाबून यंत्र खटकन पडते की नाही हे पाहायचे असते. बसवल्या दिवसापासून त्या बटणाला कुणी बोट लावलेले नाही, अशी घरे किती असतील ते आपले आपणच मोजावे. आणि अर्थिंग हवेच. ते नसेल तर धातूच्या पेटीत उतरलेली वीज वाट पाहत बसते ती आपल्या हाताची.

एडिसनकडे परत येऊ, कारण आता त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग येतो. १८८६ पासून जॉर्ज वेस्टिंगहाऊसने एसी म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज विकायला सुरुवात केली. एडिसनची एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज केंद्रापासून मैलभर जाईतो क्षीण होई. एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवून ती दूरवर नेता येई आणि घराशी तो पुन्हा उतरवता येई. धंद्याच्या दृष्टीने निकाल स्पष्ट होता. तेव्हा एडिसनने हाती घेतले ते भीतीचे शस्त्र. त्याच्या कंपनीने १८८८ मध्ये लोकांना सावध करणारी पुस्तिका काढली. हॅरोल्ड ब्राऊन नावाच्या माणसाला त्याने आपल्या वेस्ट ऑरेंजच्या नव्या प्रयोगशाळेत जागा दिली. तिथे एसीने कुत्री, वासरे आणि एक घोडा मारून दाखवण्यात आला. फाशीच्या शिक्षेला आपला विरोध आहे म्हणणाऱ्या एडिसनने विजेच्या खुर्चीसाठी एसीची शिफारस केली. ६ ऑगस्ट १८९० रोजी त्या खुर्चीचा पहिला वापर झाला तो वेस्टिंगहाऊसच्या डायनामोवर, आणि तो इतका ओंगळ झाला की पाहणारे हादरून गेले.

एडिसनचे म्हणणे साफ खोटे असते तर त्याच्याबद्दल मत बनवणे सोपे झाले असते. पण ते अर्धे खरे होते. तेवढ्याच दाबाला एसी वीज स्नायू जास्त घट्ट आवळते आणि हृदयाला जास्त घातक ठरते. न्यू यॉर्कच्या डोक्यावरचे तारांचे जंगल खरोखरच माणसे मारत होते. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी भर दुपारी, रस्त्यावर जेवणाच्या सुट्टीतली गर्दी असताना, तारांत अडकलेला एक लाइनमन सर्वांच्या डोळ्यांदेखत मेला. त्यानंतर महापालिकेने खांब उतरवायला घेतले आणि तारा जमिनीखाली गेल्या. हा एडिसनचा मूळ आग्रह होता आणि त्यात तो बरोबर होता. पण धोका होता तो उघड्या, निष्काळजीपणे टांगलेल्या तारांत. दोष त्याने प्रतिस्पर्ध्याच्या विजेला दिला. ज्याने अनोळखी माणसाच्या गालिच्याचा विचार केला, त्यानेच प्रतिस्पर्ध्याला पाडण्यासाठी लोकांची भीती वापरावी, हे पचायला जड जाते. एक आरोप मात्र त्याच्यावर नाहक होतो. १९०३ मध्ये कोनी आयलंडला टॉप्सी या हत्तिणीला विजेने मारले, ते एडिसनने एसीला बदनाम करण्यासाठी केले असे सर्रास सांगतात. तेव्हा हे भांडण मिटून दहा वर्षे झाली होती आणि त्या घटनेत त्याचा स्वतःचा हात नव्हता. त्याच्या नावाच्या कंपनीने तिचे चित्रीकरण केले, एवढेच.

२ जानेवारी १८९० रोजी पर्ल स्ट्रीटचे केंद्र आगीत जळाले. एक डायनामो तेवढा वाचला. १८९२ मध्ये मॉर्गनसाहेबांच्या पुढाकाराने कंपन्यांचे विलीनीकरण झाले आणि जनरल इलेक्ट्रिक या नव्या नावातून एडिसन गळला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात एसीचे दिवे झळकले. त्या प्रदर्शनातल्या तारा तपासायला विमा कंपन्यांनी विल्यम मेरिल या तरुण इंजिनियरला पाठवले. त्यातून पुढच्या वर्षी विजेच्या वस्तू पारखणारी प्रयोगशाळा निघाली आणि १८९७ मध्ये अमेरिकेची पहिली राष्ट्रीय वायरिंग-नियमावली आली. गालिच्याखालून तार नेणे आता केवळ दुर्दैव राहिले नव्हते, ती नियमानुसार चूक ठरणार होती. एडिसनच्या डीसी विजेचा न्यू यॉर्कमधला शेवटचा पुरवठा बंद झाला तो थेट २००७ च्या नोव्हेंबरात.

एडिसन तोवर लोहखनिज, सिमेंट, सिनेमा, बॅटरी अशा नव्या नादांत गेला होता. ९ डिसेंबर १९१४ रोजी वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला आग लागली. आग लागू नये म्हणून बांधलेल्या काँक्रीटच्या इमारती आतून जळून गेल्या. सदुसष्ट वर्षांचा एडिसन उभा राहून ते पाहत होता. दुसऱ्या दिवसापासून त्याने पुन्हा बांधायला घेतले.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी तो वारला. अंत्यसंस्कार २१ तारखेला होते. त्या रात्री सगळ्या देशाची वीज मिनिटभर बंद करून त्याला मानवंदना द्यावी, अशी कल्पना निघाली. मग लक्षात आले की हे करता येणार नाही. इस्पितळे होती, पाण्याचे पंप होते, लिफ्टमध्ये अडकणारी माणसे होती. अध्यक्ष हूव्हर यांनी आवाहन केले ते इतकेच, की ज्याने त्याने आपापल्या घरचे दिवे मालवावेत. रात्री दहा वाजता ब्रॉडवे मंदावला, स्वातंत्र्यदेवीची मशाल विझली. खेड्यापाड्यांत कुणी ना कुणी उठून भिंतीवरचे बटण बंद केले, मिनिटभर अंधारात बसले आणि पुन्हा दिवा लावला. डायनामो तेवढा वेळ चालूच होते.